निरांजनाशिवायची गुढी

तिकिटं काढून झाली, ॲडव्हान्स भरून झाला, आणि मग लक्षात आलं की आमच्या सहलीतला एक अख्खा दिवस बालीचा विमानतळच बंद असणार आहे. २२ मार्च २०२३, सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत. त्या चोवीस तासांत विमान उतरत नाही, दुकान उघडत नाही, रस्त्यावर माणूस दिसत नाही आणि समुद्रात अर्थातच कुणी उतरत नाही. त्या दिवसाला तिथे न्येपी म्हणतात. बालीच्या लोकांचा वर्षाचा पहिला दिवस. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्याच चौकोनात गुढीचं चित्र होतं.

आम्ही सातजण. पुण्यातल्या तलावात सिलिंडरला जोडलेल्या, तोंडात धरायच्या रेग्युलेटरमधून श्वास घ्यायला शिकलेले, तारकर्लीला समुद्रात उतरून अठरा मीटरपर्यंत जायचं सर्टिफिकेट मिळवलेले आणि डायव्हिंगसाठी पहिल्यांदाच देशाबाहेर निघालेले. कोथरूडला आमच्या घरी सगळे जमले तेव्हा "एक दिवस फुकट गेला" हेच पहिलं वाक्य होतं. तारखा बदलायच्या तर तिकिटांचे पैसे बुडणार होते. दोघांचं म्हणणं पडलं की खोलीत बसून काय करायचं, तो दिवस सिंगापूरलाच काढू. मी मात्र त्या कॅलेंडरच्या चौकोनापाशी अडकले होते.

कारण तो निव्वळ योगायोग नव्हता. बालीत जी कालगणना चालते तिला ते साका म्हणतात आणि ती इसवी सन ७८ पासून मोजतात. म्हणजे आपलाच शालिवाहन शक. त्या दिवशी आपल्याकडे शक १९४५ सुरू होणार होता आणि त्यांच्याकडेही साका १९४५. हे दोन दिवस दर वर्षी जुळतात असं नाही. अधिक महिन्याचा हिशेब दोन्हीकडे वेगळा, त्यामुळे कधीकधी महिन्याचं अंतर पडतं. २०२४ मध्ये न्येपी ११ मार्चला होती आणि पाडवा ९ एप्रिलला. पण आमच्या वर्षी दोन्ही एकाच दिवशी. हे मी वाचून दाखवलं आणि खोलीतला सूरच बदलला. "म्हणजे आपलेच लोक की!" असं कुणीतरी म्हणालं. पुढे सहल संपेपर्यंत हे वाक्य आमच्यात सारखं येत राहिलं आणि सगळ्यांत जास्त वेळा ते मी म्हटलं.

मग तयारी त्याच अंगाने झाली. तुळशीबागेतून खणाचा तुकडा, घरातला तांब्याचा छोटा गडू, रविवार पेठेतून साखरेची गाठी. निरांजन, फुलवाती आणि घंटाही घेतली. कडुनिंब तेवढा घेतला नाही, कारण परदेशात असा झाडपाला नेऊ देत नाहीत. पाल्यावाचून पाडवा, याची मला रुखरुख लागली होती.

तुलांबेन हे गाव बालीच्या ईशान्य किनाऱ्यावर, अगुंग पर्वताच्या पायथ्याशी आहे. किनाऱ्यावर वाळू कमी आणि गुळगुळीत काळे गोटे जास्त. लाट मागे जाते तेव्हा ते एकमेकांवर आपटून खडखडतात. उतरलो होतो ते साधं घर होतं, मागच्या अंगणात खोल्या काढलेल्या. घरमालकिणीला सगळे इबू म्हणायचे, म्हणजे आई. आमच्या गाइडने पहिल्याच दिवशी सांगितलं की मला ब्ली म्हणा, म्हणजे दादा, आणि मला तो म्बोक म्हणू लागला, म्हणजे ताई. नमस्कार करताना "ओम स्वस्त्यस्तु". आभार मानताना "सुक्स्म". समुद्र म्हणजे सगारा आणि समुद्राचा देव बारुना, आपला वरुण. प्रत्येक शब्दाला आम्ही टाळ्या वाजवायच्या बेतात होतो. सासरच्या गावी गेल्यावर अचानक माहेरचं कुणीतरी भेटावं तसं वाटत होतं.

पहिल्याच डायव्हनंतर माझ्या हातून चूक झाली.

पाण्यातून बाहेर आले तेव्हा पाय लटपटत होते. पाठीवर सिलिंडर, पायाखाली हलणारे गोटे, हातात पायातून काढलेल्या रबरी फिन्स. किनाऱ्याला लागले आणि फिन्स खाली टाकल्या. टाकल्यावर बघितलं तर एका फिनखाली नारळाच्या कोवळ्या पानाचा तळहाताएवढा चौकोनी द्रोण चेपला होता. आत पिवळी, पांढरी, लाल फुलं होती, चार शितं होती, एक बिस्किट होतं. उदबत्ती जळत होती, ती ओल्या रबराखाली चुर्र करून विझली.

हे द्रोण मी सकाळपासून बघत होते. डायव्ह सेंटरच्या उंबऱ्यावर, कॉम्प्रेसरवर, होडीच्या नाळेवर, सगळीकडे होते. त्याला चनांग सारी म्हणतात, घरच्या बायका रोज हाताने करतात, हे मी पुण्यातच वाचलं होतं. तरी माझं लक्ष गेलं नाही, आणि का गेलं नाही याचा मी नंतर खूप विचार केला. आपल्याकडे देवाचं ते वर असतं. पाटावर, चौरंगावर, देव्हाऱ्यात, निदान कोनाड्यात. जमिनीवर पडलेलं फूल म्हणजे निर्माल्य. तिथे जमिनीवर ठेवलेलं ताट भूतांसाठी असतं. भूता काला म्हणतात त्यांना. वरच्यांना वर द्यायचं, खालच्यांना खाली, आणि खालच्यांना विसरायचं नाही. मी माझ्या डोळ्यांनी देव शोधत होते, म्हणून मला फक्त वरचे दिसत होते.

सिलिंडर वाहणारी एक बाई जवळच उभी होती. चाळिशीची असेल, अंगात टी-शर्ट, डोक्यावर टॉवेलची चुंबळ. ती वाकली, एकेक फूल वेचून द्रोणात ठेवलं, बिस्किट झटकून ठेवलं आणि द्रोण लाटेपासून लांब नेला. माझ्याकडे तिने रागाने बघितलं नाही, खरं तर बघितलंच नाही. मी ब्लीला विचारलं, आता काय करू. तो म्हणाला, उदबत्ती जळत असेपर्यंत त्यावरून ओलांडायचंही नसतं. विझली की देवांचं घेऊन झालं, मग कोंबड्या खातात, कुणाचा पाय लागतो, त्याचं काही नाही. मी म्हटलं, माझ्यामुळेच विझली. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "उद्या तुम्ही ठेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाईने एक द्रोण जास्तीचा आणला होता. उजव्या हाताने ठेवायचा, उदबत्तीचा धूर हाताने हलकेच पुढे सारायचा. तिने माझं मनगट धरून ते करून घेतलं. दिवाळीत माझी आजी माझा हात धरून रांगोळीची रेघ ओढायची तेव्हा जसं धरायची, तसं.

या बायकांबद्दल लिहायलाच हवं. अंदाजे पंधरा किलोचं ॲल्युमिनियमचं सिलिंडर डोक्यावर आडवं घेऊन त्या त्या गोट्यांवरून चालतात, कधी एका वेळी दोन. आमच्यातल्या एकाला ते बघवेना. "बायकांना उचलायला लावून आपण मोकळे चालायचं? मी माझा टँक मीच नेणार," म्हणून तो अडून बसला. त्याच्या मनात चांगलंच होतं. पण ब्लीने त्याला बाजूला घेऊन सांगितलं की हे काम गावाने संघटना करून वाटून घेतलेलं आहे, प्रत्येक फेरीचे पैसे ठरलेले आहेत आणि तू तुझा टँक उचललास तर तिची फेरी जाते. परक्या गावात आपल्या दयेचा कुणाला काय उपयोग आहे हे आधी विचारावं लागतं. त्याने टँक खाली ठेवला. पैसे देताना डावा हात पुढे झाला, तो मात्र त्याने स्वतःच मागे घेऊन उजवा केला. ते शिकवावं लागलं नाही.

डायव्हच्या आधीची सूचना देताना ब्ली डावं-उजवं म्हणायचा नाही. कजा म्हणजे पर्वताकडे, कलोद म्हणजे समुद्राकडे. गावात दिशा याच, आणि पाण्याखालीही याच: कजा म्हणजे उथळ, कलोद म्हणजे खोल. तर्जनी रोखून दाखवणं तिथे उद्धटपणाचं समजतात, म्हणून तो उजव्या हाताच्या अंगठ्याने दाखवायचा. पाण्याखाली अंगठा वर केला की त्याचा अर्थ 'चला वर'. दोन्ही अंगठे वेगळे ठेवायला आम्हाला दोन दिवस लागले.

आणि ज्या जहाजासाठी जग तिथे येतं, ते लिबर्टी. अमेरिकन सैन्याचं साधारण १२० मीटर लांबीचं मालवाहू जहाज. ११ जानेवारी १९४२ला जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने जखमी झालं, ओढून नेता नेता पाणी भरू लागलं म्हणून तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवलं गेलं. तिथे ते एकवीस वर्षं पडून होतं. १९६३मध्ये अगुंगचा उद्रेक झाला आणि त्याच्या हादऱ्यांनी ते पाण्यात ढकललं. आता पाच मीटरपासून तीस मीटरपर्यंत ते आडवं पसरलंय. किनाऱ्यावरून पोहत जाता येतं. अगदी पहाटे गेलो तेव्हा कपाळावर टेंगूळ असलेल्या मोठ्या पोपटमाशांचा कळप सांगाड्यातून बाहेर पडत होता. लोखंडाला पोवळी इतकी लगडली आहेत की जहाज कुठे संपतं आणि समुद्र कुठे सुरू होतो ते कळत नाही.

पण त्या उद्रेकात हजाराहून जास्त माणसं गेली. त्या वेळी बसाकीच्या मोठ्या देवळात 'एका दस रुद्र' नावाचा, शंभर वर्षांतून एकदा करायचा विधी चालू होता. ब्लीच्या आजोळची माणसं त्या वर्षी गेली. हे त्याने आम्हाला दुसऱ्या दिवशी, जेवताना, सहज सांगितलं. त्याआधी जहाजाच्या तोफेपाशी कोण कसा फोटो काढणार याची आमच्यात चढाओढ चालली होती. त्यानंतर कुणी तो विषय काढला नाही. प्रत्येक डायव्हच्या आधी तो पर्वताकडे तोंड करून क्षणभर हात का जोडतो, हेही तेव्हा कळलं.

न्येपीच्या तीन दिवस आधी आम्ही दुसरा डायव्ह संपवून वर आलो तर किनारा पांढरा झाला होता. पांढऱ्या कपड्यांतली दोन-तीनशे माणसं, पिवळ्या-पांढऱ्या उंच छत्र्या, झांजा आणि घंटांचा गजर. मेलास्ती. नवीन वर्षाआधी देवळातले देव समुद्रावर आणून शुद्ध करतात. शेजारच्या गावाची मिरवणूक ठरल्यापेक्षा लवकर पोहोचली होती. पुजारी आमच्या बाहेर यायच्या जागेवरच बसला होता. ब्लीने हात आडवा केला: थांबा. बीसीडीत, म्हणजे अंगातल्या जाकिटात, हवा भरून आम्ही तरंगत राहिलो. आमच्यातल्या एकाने कॅमेरा वर धरला. मी त्याच्या मनगटावर हात ठेवला, तर तो म्हणाला, "अगं, आपलंच आहे हे सगळं."

मला पालखी आठवली. फर्ग्युसन रस्त्यावर दिंड्या चाललेल्या असताना मधल्या फटीतून स्कूटर काढणारा माणूसही पुण्याचाच असतो. पालखी त्याचीही असते. म्हणून तर आपल्याला त्याचा जास्त राग येतो.

आम्ही किनाऱ्याला समांतर पोहत लांब जाऊन बाहेर आलो. टँक स्वतःच वाहिले, कारण वाहणाऱ्या बायका नव्हत्या. त्या मिरवणुकीत होत्या. ती बाई मला दिसली. अंगात पांढरा लेसचा केबाया, म्हणजे तिकडचा झगा, कमरेला पिवळा पट्टा, केसांत फूल. डोक्यावर फळांची आणि मिठायांची हातभर उंच उतरंड, आणि चालताना ती तसूभर हलत नव्हती. सकाळी त्याच डोक्यावर माझं सिलिंडर होतं. वेटसूट अर्धा उतरवून उभे होतो, तो आम्ही सगळ्यांनी न सांगता परत वर ओढला आणि टॉवेल गुंडाळून खाली बसलो. पुजाऱ्यापेक्षा उंच उभं राहायचं नसतं, हे आदल्या दिवशी कळलं होतं.

समुद्राकाठच्या देवळात गेलो तेव्हा कमरेला सारोंग आणि त्यावर पट्टा बांधावा लागतो. आमच्यातल्या एकाला वाटलं होतं की हे परक्यांसाठी असेल, हिंदूंना कशाला. तिथला प्रत्येक माणूस पट्टा बांधून होता. आपल्यासारखी टोलवायची घंटाही नव्हती; घंटा पुजाऱ्याच्या हातात, तोच वाजवतो. नैवेद्यात भाजलेलं अख्खं डुक्कर होतं. आमच्यातल्या दोघांनी तोंड फिरवलं आणि मराठीत काहीतरी बोलले. भाषा कळली नाही तरी तोंड फिरवणं सगळ्यांना कळतं. मला ते लागलं. खंडोबाला, म्हसोबाला बकऱ्याचा नैवेद्य दाखवणारी घरं आपल्याकडे गावोगाव आहेत, आणि त्या देवांना आपण आपले म्हणतो. पेठेत राहून ते विसरायला होतं.

दारात पाटी होती: मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रियांनी आत येऊ नये. आमच्यातल्या सगळ्यांत लहान मुलीची पाळी चालू होती. पुण्यात ती आणि मी दोघी ही गोष्ट मानत नाही. माझ्या घरातून मी ती भांडून काढली आहे. ती मला म्हणाली, "कुणाला कळणारे?" खरं होतं. पण मग ती स्वतःच म्हणाली की चोरून आत गेले तर भांडले असंही होणार नाही, फक्त फसवलं असं होईल. ती बाहेर बसली, मी तिच्याशेजारी बसले. मला ती पाटी पटलेली नाही, आजही नाही. पण ती पाटी बदलायची असेल तर तिथल्या बायका बदलतील. चार दिवसांच्या पाहुण्याने ती ओलांडून काही सिद्ध होत नाही.

त्याच महिन्यात अगुंग पर्वतावर कपडे उतरवून फोटो काढणाऱ्या एका परदेशी माणसाची बातमी तिथे सगळ्यांच्या तोंडी होती. पुढे बाली सरकारने पाहुण्यांसाठी काय करावं, काय करू नये याची यादीच काढली, आणि १४ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक परदेशी पाहुण्याकडून दीड लाख रुपियाही घेतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही.

२१च्या संध्याकाळी ओगो-ओगो निघाले. वाडीवाडीच्या तरुण मंडळींनी महिनाभर खपून केलेले राक्षसांचे प्रचंड पुतळे, बांबूच्या जाळीवर खांद्यांनी उचललेले, चौकात गरगर फिरवलेले. लक्ष्मी रस्त्याची आठवण न येती तरच नवल. याबद्दल एवढंच, ते बघायलाच हवं.

त्याआधी दुपारी ब्लीला मध्ये घेऊन मी इबूशी बोलले. न्येपीचे चार नियम: अग्नी नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. आमची गुढी सूर्योदयाला, दाराबाहेर, उंच, निरांजन ओवाळून, घंटा वाजवून. एकेक गोष्ट तिच्या नियमावर आपटत होती. "आपलाच नवा वर्षदिन" म्हणून मी पुण्याहून जे जे आणलं होतं, त्यातलं निम्मं तिच्या घरात त्या दिवशी निषिद्ध होतं. इबूने सगळं ऐकून घेतलं. काठी, वस्त्र, पालथा गडू, गाठी. मग एकच प्रश्न विचारला: "अग्नी लागतोच का?"

मी म्हटलं, नाही लागत. हे म्हणताना घशात आलं, कारण निरांजनाशिवाय मी आजवर गुढी बघितली नव्हती.

मग ती म्हणाली, खोलीत करा, पडदा ओढून, आवाज न करता. आणि पाला? मी त्या झाडाचं वर्णन करायला लागले, कडू पानं, करवतीसारख्या कडा. तिने हात धरून मला मागच्या अंगणात नेलं आणि अंगठ्याने वर दाखवलं. कडुनिंब. त्या कोरड्या किनाऱ्यावर तो छान वाढतो. त्यांच्याकडे त्याला इंतारान म्हणतात. दुसऱ्या दिवशी तोडता येणार नाही म्हणून तिने तेव्हाच एक डहाळी तोडून पाण्यात ठेवली. ब्लीने होडीच्या बांबूचा तुकडा आणून दिला.

न्येपीची सकाळ. खिडकीशी, ओढलेल्या पडद्याच्या आत, खुर्चीला बांधलेली हातभर गुढी. आरती मनातल्या मनात. कडुनिंबाची पानं त्यांच्याकडच्या माडाच्या गुळाबरोबर खाल्ली. सातजणांपैकी कुणी बोललं नाही. मोबाइलचं इंटरनेट बंद होतं, रस्त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र नेसलेले पेचालांग, म्हणजे गावचे राखणदार, अनवाणी वाटावेत इतक्या हळू फिरत होते. जेवण इबूने आदल्या रात्री केळीच्या पानांत बांधून ठेवलं होतं. दुपारी "एक दिवस फुकट" म्हणणारा आमचा मित्र खिडकीशी बसून तीन तास गोट्यांचा आवाज ऐकत होता. रात्री एकही दिवा नाही. आदल्याच दिवशी अमावास्या झालेली, चंद्र नाही. आकाशात इतके तारे होते की अगुंग कुठे आहे ते फक्त तारे नसलेल्या काळ्या त्रिकोणावरून कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता आधी कोंबडा, मग खराट्याचा आवाज, मग लांबवर एक मोटरसायकल. त्या दिवसाला न्गेम्बाक गनी म्हणतात, अग्नी पुन्हा पेटवायचा दिवस. एकमेकांकडे जाऊन क्षमा मागतात. मी गाठी काढून बाहेर आले आणि त्यातलं पदक तोडून इबूच्या हातात दिलं. तिने ते वास घेऊन बघितलं, हसली आणि उंबऱ्याशी वाकली. नवा चनांग ठेवायचा होता, उदबत्ती हातात पेटलेली होती. ते साखरेचं पदक तिने द्रोणाजवळ नेलं आणि थांबली. गाठी आम्ही उंच टांगली होती हे तिने बघितलं होतं. तिने जमिनीकडे बघितलं, मग माझ्याकडे, भुवया वर करून: इथे, खाली, चालेल?

मी उजवा हात पुढे केला आणि अंगठ्याने फुलांमधली जागा दाखवली.